डिलनची डिग्री

१९६२ मध्ये आपल्या डलहौसीत वारलेले डॉ. मायकेल डिलन १९१५ साली लंडनला मुलगी म्हणून जन्मले. आई काही दिवसांतच गेली; दोन आत्यांनी वाढवलं. ऑक्सफर्डला ते मुलींच्या बोट क्लबचे अध्यक्ष होते! १९३८ ला डिग्री. मग हार्मोन्स सुरू केले, युद्धात ब्रिस्टलच्या गॅरेजमध्ये पेट्रोल भरलं, १९४४ मध्ये जन्मदाखल्यावर पुरुष अशी नोंद करून घेतली. आता डॉक्टर व्हायचं होतं, पण ऑक्सफर्डचे कागद मुलींच्या कॉलेजचे. दाखवले की सगळं उघड! शेवटी एका जुन्या शिक्षकांनी रजिस्ट्रारना पटवलं, आणि नोंदीत ब्रेझनोज हे मुलांचं कॉलेज आलं. (आपलं साधं स्पेलिंग सुधारून घेताना किती खेटे पडतात!) डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश मिळाला. १९५१ मध्ये ते डॉक्टर झाले. बोट तिथेही वल्हवली, मुलांच्या टीममधून.