वायफाय स्लो आहे? नवा राउटर घेण्याआधी जगदीशचंद्र बोस यांची ही गोष्ट वाचा

घरातलं नेट स्लो झालं की आपण दोनच गोष्टी करतो. एकतर राउटर बंद-चालू करतो, नाहीतर सरळ दोन-तीन हजारांचा नवा राउटर शोधायला लागतो. पण राउटरमधून निघालेल्या लहरींचं पुढे काय होतं? त्या कुठे अडतात, कुठे वळतात? हे सव्वाशे वर्षांपूर्वी कोलकात्यात एका माणसाने मोजून बघितलं होतं. त्यांचं नाव जगदीशचंद्र बोस. शाळेत आपण त्यांना 'झाडांना संवेदना असते' या एका धड्यापुरतं ओळखतो, पण वायफायशी त्यांचं नातं त्याहून जुनं आहे.

गावातल्या शाळेतून केंब्रिजपर्यंत

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंगला झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. इंग्रजी शाळेत घालणं त्यांना सहज शक्य होतं, तरी त्यांनी मुलाला बंगाली शाळेत घातलं. तिथे शेतकऱ्यांची, कोळ्यांची मुलं त्याच्या शेजारी बसायची. पुढे कोलकात्याचं सेंट झेवियर्स कॉलेज झालं. मग डॉक्टर व्हायला ते लंडनला गेले, पण तब्येत साथ देईना म्हणून मेडिकल सोडून केंब्रिजला विज्ञान शिकले. तिथे त्यांना लॉर्ड रॅले यांच्यासारखे शिक्षक मिळाले.

१८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. काम तेच, पण भारतीय म्हणून पगार युरोपियन प्राध्यापकांपेक्षा बराच कमी. बोस यांनी नोकरी सोडली नाही आणि तो पगारही घेतला नाही. तब्बल तीन वर्षं बिनपगारी शिकवलं. घरावर कर्ज होतं, तरी माघार नाही. शेवटी सरकारला मागच्या थकबाकीसह पूर्ण पगार द्यावा लागला.

लहान लहर का हवी होती?

कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती. एका छोट्या खोलीत, स्थानिक पत्रेकाम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणं बनवली. जर्मनीच्या हर्ट्झ यांनी रेडिओ लहरी सिद्ध केल्या होत्या, पण त्या लांबीला मोठ्या होत्या. लहर मोठी असली की तिला वळवायला, अडवायला उपकरणंही अवाढव्य लागतात. बोस यांनी लहर लहान केली, अगदी ५ मिलिमीटरपर्यंत. आजच्या भाषेत ही ६० गिगाहर्ट्झची फ्रिक्वेन्सी झाली. आपलं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर लहर साधारण साडेबारा सेंटीमीटरची, ५ गिगाहर्ट्झवर साधारण सहा सेंटीमीटरची असते.

१८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी बिनतारेने, भिंतीपलीकडे घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हीच उपकरणं मांडली. त्यात एक मजेशीर वस्तू होती: रेल्वेच्या वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक, पानांमध्ये टिनफॉइल घातलेलं. पुस्तक एका बाजूने धरलं की लहर आरपार जायची, आडवं फिरवलं की अडायची. तागाच्या पिळलेल्या जुडीतून लहर पाठवली तर तिची दिशा फिरते, हेही त्यांनी दाखवलं.

आता हेच आपल्या घरात बघू

बोस यांची पद्धत साधी होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मोजायचं. तुम्हीही तसंच करा.

१. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. इथेच स्पीड कमी आली, तर अडचण बहुतेक लाइनची आहे. अशा वेळी कंपनीकडे तक्रार नोंदवा. फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर तेही सांगा.

२. केबलवर स्पीड बरोबर असेल, तर मोबाइल घेऊन राउटरजवळ उभे राहा आणि पुन्हा टेस्ट करा. मग लांबच्या खोलीत करा. जवळ फास्ट, लांब स्लो म्हणजे राउटर ठीक आहे, जागा चुकली आहे.

३. फक्त रात्री आठ ते अकरा स्लो होत असेल, तर त्या वेळी सगळी गल्ली एकदम नेट वापरते. केबलवरही तेव्हा तीच रड असेल, तर नव्या राउटरने काही बदलणार नाही.

आमच्या विंचूरमध्ये जुन्या घरांच्या भिंती जाड, बाजूला पत्र्याची शेड, आणि हंगामात कांद्याच्या गोण्यांची थप्पी. पत्रा लहर परतवतो. कांद्यात बहुतांश पाणी, आणि पाणी लहर गिळतं. लोखंडी कपाटामागे ठेवलेला राउटर तर सुरुवातीलाच अर्धी लढाई हरतो. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्या जागी ठेवा. ५ गिगाहर्ट्झ फास्ट असतं, पण भिंतीत लवकर थकतं. लांबच्या खोलीत २.४ वापरून बघा. वरचा मजला असेल तर एक अँटेना उभा आणि एक आडवा ठेवा, कारण अँटेनाच्या टोकाच्या दिशेने सिग्नल सगळ्यात कमजोर असतो.

पेटंट आणि थकलेलं यंत्र

१८९९ मध्ये बोस यांनी लोखंड आणि पाऱ्याचा, टेलिफोनला जोडलेला डिटेक्टर मांडला. १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडचा संदेश पकडताना याच प्रकारचा डिटेक्टर वापरला. १९०९ चं नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळालं. बोस यांना शोधातून पैसा कमवायचाच नव्हता. मित्रांनी आग्रह केला म्हणून त्यांनी एका स्फटिक डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट घेतलं, ते १९०४ मध्ये मंजूर झालं, पण त्यातून त्यांनी कमाई केली नाही.

दरम्यान त्यांना दिसलं की डिटेक्टर सतत वापरला की मंदावतो आणि विश्रांती दिली की पुन्हा ताजा होतो. या थकव्याच्या मागे लागून ते वनस्पतींकडे वळले. झाडाची सूक्ष्म वाढ दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी बनवला. त्यांच्या काही निष्कर्षांवर वाद झाले, पण मोजमापाची सवय सुटली नाही. १९१७ मध्ये त्यांनी बोस इन्स्टिट्यूट उभारली, १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं.

मग राउटर कधी बदलायचा?

तुमचा राउटरही 'थकतो', फक्त कारण वेगळं: गरम होणं किंवा मेमरी भरणं. रीस्टार्टने तो सुधारतो. पण हवेशीर जागी ठेवूनही रोज हँग होत असेल, तर बदला. प्लॅन १०० एमबीपीएसच्या वरचा आहे आणि राउटरचे पोर्ट १०० चेच आहेत, राउटरवर फक्त २.४ गिगाहर्ट्झ आहे, किंवा कंपनीने सिक्युरिटी अपडेट बंद केलेत, तरीही बदला. डबा नेट कंपनीनेच दिला असेल तर आधी त्यांच्याकडे बदलून मागा. यातलं काहीच नसेल, तर पैसे खिशात राहू द्या आणि राउटरची जागा बदला.

२०२२ मध्ये आपल्याकडे ५जीसाठी २६ गिगाहर्ट्झच्या लहरींचा लिलाव झाला. त्या लहरींची लांबी सेंटीमीटरभर. बोस यांनी त्या छोट्या खोलीत याहूनही लहान लहर हाताळली होती. आज संध्याकाळी स्पीड टेस्ट करून आकडे लिहून ठेवा. काय सापडलं ते कमेंटमध्ये सांगा!