तळ्यांत वांकून पाहणारे डॉक्टर कार्टर

आम्ही ठाणेकर आमच्या गांवास तळ्यांचें शहर म्हणून मिरवितों. परंतु मासुंद्याच्या कांठीं पाण्यांत वांकून पाहणारे आमच्यांत किती? शेजारच्या मुंबईंत असा एक गृहस्थ होऊन गेला.

हेन्री जॉन कार्टर यांचा जन्म १८१३ सालीं इंग्लंडांत झाला. १८४२ सालीं ते कंपनी सरकारच्या मुंबईच्या वैद्यकीय नोकरींत शिरले. फावल्या वेळीं तेथील तळ्यांतले स्पंज ते सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासीत. स्पंज ही वनस्पति कीं प्राणी, असा तेव्हां वाद होता. स्पंजापासून सुटलेली पेशी अमीबाप्रमाणें आपली आपण सरकते, हें पाहून तो प्राणीच होय असें त्यांनीं प्रतिपादिलें. १८६२ सालीं ते मायदेशीं परतले, १८७२ सालीं त्यांस रॉयल सोसायटीचें पदक मिळालें व १८९५ सालीं ते निवर्तले.

स्पंजाच्या कांहीं पेशी चाबकासारखें शेंपूट हालवून पाणी ओढतात. पाण्यांतले कांहीं एकपेशीय जीवहि तसेंच करितात. हे जीव सर्व प्राण्यांचे अत्यंत जवळचे आप्त होत, असें आतां ठरलें आहे. अशाच एखाद्या पूर्वजाच्या पेशी एकत्र राहूं लागल्या, त्यांनीं कामें वांटून घेतलीं, आणि कोट्यवधि वर्षांनीं त्यांतूनच आमचाहि देह घडला.

ही सारी हकीकत कार्टर यांस ठाऊक नव्हती. तरी तिचा एक धागा त्यांस घराजवळच्या तळ्यांत सांपडला. तळीं आम्हांपाशींहि आहेत.