कवळाण्याहून शिकागोस

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील शेतकरी काशीराव गायकवाड यांच्या घरी ११ मार्च १८६३ रोजी गोपाळचा जन्म झाला. हे कुटुंब म्हणजे बडोद्याच्या राजघराण्याची एक दूरची शाखा. त्या घराण्याची पाळेमुळे देहूच्या ईशान्येस, खेड तालुक्यातील दावडी या गावी सापडतात. पण राजाशी नाते असले, तरी कवळाण्याच्या त्या घरात राजवैभवाचा मागमूसही नव्हता. गोपाळ शेतात राबे, गुरे राखी. बारा वर्षांचा झाला, तरी त्याला अक्षरओळख नव्हती.

१८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाड यांना बडोद्याच्या गादीवरून दूर केले. दिवंगत खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांनी दत्तक घेण्यासाठी भाऊबंदांतील मुले बोलाविली. त्यांतून गोपाळची निवड झाली आणि २७ मे १८७५ रोजी तो सयाजीराव या नावाने गादीवर बसला. राज्य एका दिवसात मिळाले. विद्या मात्र तशी मिळत नाही. मराठी, गुजराती, इंग्रजी अशा अनेक भाषांचे धडे या राजाला मुळाक्षरांपासून गिरवावे लागले. इलियट हे त्यांचे शिक्षक होते. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराची सूत्रे महाराजांच्या हाती आली.

उशिरा शिकण्याचे कष्ट महाराज विसरले नाहीत. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. १८८७ साली ते प्रथम युरोपास गेले. समुद्र ओलांडणे पाप मानण्याचा तो काळ! पुढे त्यांनी अनेक वेळा परदेशप्रवास केला. राजेलोक परदेशी जाऊन उंची वस्तू आणीत. महाराज तेथून कल्पना आणीत. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून त्यांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास बडोद्यास बोलाविले. मग पेट्यांत भरलेली पुस्तके खेडोपाडी फिरू लागली.

१९१३ साली त्यांनी आणखी एका कामी द्रव्य वेचले. भीमराव आंबेडकर या बुद्धिमान तरुणास शिष्यवृत्ती देऊन त्यांनी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात धाडले. १९१७ साली आंबेडकर बडोद्यास नोकरीसाठी आले, तेव्हा मात्र अस्पृश्य म्हणून त्यांना त्या शहरात राहावयास जागा मिळेना. अखेर त्यांना नोकरी सोडून परतावे लागले. महाराजांची आज्ञा कचेरीत चाले. लोकांच्या उंबरठ्यावर ती थबके. ज्याला राजाने सातासमुद्रापार पाठविले, त्याला राजधानीत छप्पर लाभू नये, हे त्या राज्याचे मोठेच उणे होते.

१२ नोव्हेंबर १९३० रोजी लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद भरली. हिंदुस्थानचा कारभार पुढे कसा चालावा, याचा विचार तेथे व्हावयाचा होता. संस्थानिकांच्या बाजूस सयाजीराव महाराज होते, आणि अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून डॉ. आंबेडकर होते. महाराजांच्या राजधानीत ज्यांना घर मिळाले नव्हते, ते आता त्यांच्याच बरोबरीने परिषदेत बसले होते! आंबेडकरांचे भाषण ऐकून महाराजांचे डोळे आनंदाने भरून आले, असे चरित्रकार लिहितात.

परिषदांची गोडी एकट्या महाराजांनाच होती असे नव्हे. १९२७ साली पुण्यास अखिल भारतीय महिला परिषद प्रथम भरली, तेव्हा तिचे अध्यक्षपद महाराणी चिमणाबाईंनी भूषविले होते.

१९३३ साली अमेरिकेतील शिकागो शहरी सर्व धर्मांची दुसरी जागतिक परिषद भरली. याच शहरात चाळीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या परिषदेत स्वामी विवेकानंदांनी श्रोत्यांची मने जिंकली होती. या वेळी अध्यक्षपदाचा मान सयाजीराव महाराजांना मिळाला. महाराजांनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती, प्रकृतीही पूर्वीसारखी उरली नव्हती. तरी त्यांनी तो दूरचा प्रवास केला. निरनिराळ्या देशांचे आणि धर्मांचे विद्वान समोर बसले होते, आणि बाराव्या वर्षापर्यंत पाटी न पाहिलेला कवळाण्याचा गोपाळ त्यांच्यापुढे बोलावयास उभा राहिला होता.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस महाराजांचे देहावसान झाले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, डिसेंबर १९५४ मध्ये, डॉ. आंबेडकर ब्रह्मदेशातील रंगून येथे जागतिक बौद्ध परिषदेस गेले. तेथून परतल्यावर त्यांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. ती जागा म्हणजे तुकोबांच्या देहूजवळचे देहूरोड. तो दिवस २५ डिसेंबरचा होता.