बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी: कोर्टाचे आणि कौमचे वकील

बद्रुद्दीन तय्यबजी हे नाव आपल्या मुलांना माहीत असायलाच हवं, असं आम्हाला वाटतं. त्यांचा जन्म १८४४ चा, मुंबईचा. थोरले भाऊ कमरुद्दीन सॉलिसिटर. १८६७ मध्ये बद्रुद्दीन मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. वकिली जोरात चालली, तरी कौमची फिकीर सुटली नाही. १८७४ मध्ये साथीदारांसह त्यांनी अंजुमन-ए-इस्लाम उभी केली. मुलींच्या तालीमची सुरुवात तर स्वतःच्या घरातूनच केली.

१८९५ मध्ये ते न्यायमूर्ती झाले. दोन वर्षांनी राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना आधी नाकारलेला जामीन त्यांनी इंग्रजी अमलातही मंजूर केला. १९०६ मध्ये लंडनला त्यांचा इंतकाल झाला.

अंजुमनमध्ये आज कायद्याचंही कॉलेज आहे. आपल्या मुलींनीही तिथे शिकावं, वकील व्हावं.