गुपित फोडणारा गणिती : ॲलन ट्युरिंग



पत्रलेखनाच्या तासाला तुम्ही काय शिकता? मोठ्यांना पत्र लिहायचे तर आधी तीर्थरूप, मग सा. न. वि. वि. आणि शेवटी कळावे. पत्र कोणाचेही असो, सुरुवात ठरलेली! हे नीट लक्षात ठेवा. अशाच ठरलेल्या शब्दांमुळे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे मोठे गुपित फुटले. ते फोडणाऱ्यांत आघाडीवर होते ॲलन ट्युरिंग.

आज संगणक निबंध लिहितो, भाषांतर करतो, आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना प्रोग्रामसुद्धा लिहून देतो. मग बाबांच्या ऑफिसात माणसे कशाला लागतील, असा प्रश्न मुले विचारतात. उत्तर शोधताना मला ट्युरिंग यांचे चरित्र उपयोगी पडते.

ॲलनचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. त्याचे वडील मद्रास इलाख्यात आय. सी. एस. अधिकारी होते. आईचा जन्मही मद्रास इलाख्यातलाच. मुलांनी मात्र इंग्लंडमध्ये वाढावे असे त्यांनी ठरवले. त्यामुळे ॲलन आणि त्याचा थोरला भाऊ जॉन एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी राहत, आणि आई-वडील बोटीने कित्येक दिवसांचा प्रवास करून अधूनमधून भेटत. आजी-आजोबांना फक्त सुटीत भेटणाऱ्या आपल्या मुलांना हे दुःख थोडेफार कळेल.

मुलगा मोठा जिद्दी. मे १९२६ मध्ये शेरबोर्नच्या शाळेत दाखल व्हायचे होते आणि नेमका देशभर संप! आगगाड्या बंद. तेरा वर्षांचा ॲलन साउदॅम्प्टनहून सायकलवर निघाला, वाटेत एक रात्र मुक्काम केला आणि सुमारे ६० मैल तुडवून शाळेत हजर झाला. त्याच शाळेत ख्रिस्टोफर मॉर्कम हा जिवलग मित्र भेटला, पण १९३० मध्ये तो क्षयाने गेला. शरीर गेल्यावर मनाचे काय होते, मन म्हणजे नेमके काय, हा विचार तेव्हापासून ॲलनच्या मागे लागला.

पुढे केंब्रिजला असताना १९३६ मध्ये ट्युरिंग यांनी एक शोधनिबंध लिहिला. लांबच लांब पट्टी, तिच्यावर खुणा वाचणारे-लिहिणारे एक काल्पनिक यंत्र, आणि सोप्या सूचनांची यादी. सूचना बदलल्या की तेच यंत्र दुसरे काम करील! प्रोग्राम ही कल्पना इथे स्पष्ट झाली. प्रत्यक्ष संगणक तेव्हा अस्तित्वातही नव्हता.

१९३९ मध्ये युद्ध पेटले आणि ४ सप्टेंबरला ट्युरिंग ब्लेचली पार्कमध्ये रुजू झाले. जर्मन सैन्य एनिग्मा या यंत्राने संदेश सांकेतिक करी. त्याची जुळणी साधारण १५९ वर १८ शून्ये इतक्या प्रकारांनी करता येई, आणि ती रोज बदले. पोलंडच्या रेयेव्स्की, रुझित्स्की आणि झिगाल्स्की या तरुण गणितज्ञांनी आधीच त्यात वाट काढली होती. जुलै १९३९ मध्ये त्यांनी आपले ज्ञान ब्रिटिशांना दिले. हे श्रेय विसरता कामा नये.

आता आपले सा. न. वि. वि. आठवा. जर्मन संदेशांतही हवामानाचे ठराविक शब्द पुन्हा पुन्हा येत. शिवाय एनिग्मात एक खोट होती. कोणतेही अक्षर सांकेतिक होताना स्वतःच स्वतःच्या जागी येत नसे. ओळखीचा शब्द कुठे बसू शकेल, हे त्यावरून ताडता येई. मग अशक्य जुळण्या भराभर बाद करणारे बॉम्ब नावाचे यंत्र ट्युरिंग यांनी योजले. पहिले यंत्र मार्च १९४० मध्ये आले. गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात मोठी सुधारणा केली. युद्ध संपेपर्यंत अशी दोनशेवर यंत्रे झाली.

पण यंत्र आले म्हणून माणसे कमी झाली का? उलट झाले. थोड्याशा विद्वानांच्या कचेरीचा अहोरात्र तीन पाळ्यांत चालणारा कारखानाच झाला. कोणी संदेश टिपून घेई, कोणी यंत्र चालवी, कोणी भाषांतर करी, कोणी प्रत्येक नावाचे कार्ड करून ठेवी. १९४५ पर्यंत सुमारे ९,००० माणसे काम करत होती आणि त्यांत जवळजवळ तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. जोन क्लार्क या हुशार गणितज्ञ. पण स्त्रियांसाठी वरची जागाच नव्हती, म्हणून बढती देताना त्यांना कागदोपत्री भाषातज्ज्ञ ठरवले, भाषा एकही येत नसताना!

ऑक्टोबर १९४१ मध्ये कारकून आणि टंकलेखक कमी पडून काम अडू लागले. तेव्हा ट्युरिंग आणि तीन सहकाऱ्यांनी सर्व वरिष्ठांना ओलांडून थेट पंतप्रधान चर्चिल यांना पत्र लिहिले. मागेल ते ताबडतोब द्या, असा हुकूम सुटला. यंत्राभोवती योग्य माणसे नसतील तर ते नुसते लोखंड, हे चर्चिल यांनी ओळखले.

युद्धानंतर ट्युरिंग खऱ्या संगणकाकडे वळले. १९५० मध्ये यंत्र विचार करू शकेल का, हा प्रश्न त्यांनी मांडला. लेखी संभाषणातून समोर माणूस आहे की यंत्र हे ओळखता येते का, अशी परीक्षा सुचवली. एकदम प्रौढ बुद्धी घडवण्यापेक्षा लहान मुलासारखे यंत्र करून त्याला शिकवावे, असेही त्यांनी सुचवले. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता उदाहरणांवरूनच शिकते.

शेवट मात्र दुःखद आहे. ट्युरिंग यांचे प्रेम पुरुषांवर होते, आणि त्या काळी इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता. १९५२ मध्ये खटला झाला. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना संप्रेरकांचे उपचार पत्करावे लागले. ज्या गुप्त खात्यासाठी एवढे केले, त्याचे दरवाजेही बंद झाले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या अशी नोंद झाली, आईला मात्र तो अपघातच वाटला. ब्लेचलीचे काम १९७४ पर्यंत गुपित असल्याने लोकांना त्यांची थोरवी ठाऊकच नव्हती. २००९ मध्ये सरकारने माफी मागितली, २०१३ मध्ये राजमाफी मिळाली आणि २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये याच ब्लेचली पार्कमध्ये भारतासह २८ देश कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यांवर बोलायला जमले. यंत्र हिशेब चुकत नाही, पण नियम माणूस घालून देतो. ट्युरिंग यांना दोषी ठरवणारा नियम कोणा यंत्राने केला नव्हता. म्हणून मुलांनो, बाबांच्या ऑफिसात माणसे लागणारच, आणि नियम योग्य आहे का हे विचारणारी माणसे तर फारच लागतील.

पुढच्या सुटीत आई-बाबांना घेऊन ब्लेचली पार्क जरूर बघा. आणि पत्रलेखनाच्या तासाला कंटाळू नका!