जेम्स ज्यूल
आमच्या सामरवरणीच्या कारखान्यांतील यंत्रे चालता चालता तापतात. घर्षणात खर्ची पडलेले काम उष्णता होते, हे जेम्स ज्यूल यांनी मोजून दाखविले. १८१८ साली इंग्लंडातील सॅल्फर्ड येथे त्यांचा जन्म झाला. पित्याचा बिअर गाळण्याचा धंदा होता. जॉन डाल्टन यांनी ज्यूल यांस शिकविले. पुढे त्यांनी खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोराने पाण्यात वल्ही फिरविली व पाणी किती तापले ते पाहिले. आरंभी विद्वानांनी फारसे लक्ष दिले नाही. तरी त्यांनी मोजणे सोडले नाही. १८५० साली आकडा प्रसिद्ध झाला : ७७२ पौंड वजन एक फूट उतरले, तर एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापते. १८८९ साली ते वारले. आपली मुले काम व ऊर्जा ज्या एककात मोजतात, त्यास त्यांचेच नाव आहे.