कराची ते जुहू सव्वासात तासांत: जेआरडी टाटांचं ते उड्डाण नेमकं कशासाठी होतं?

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीच्या ड्रीग रोड विमानतळावरून एक इंजिनाचं छोटंसं 'पुस मॉथ' विमान उडालं. आत एकच माणूस, २८ वर्षांचे जेआरडी टाटा. सोबत सुमारे २५ किलो टपाल.

लंडनहून येणारी हवाई डाक तेव्हा कराचीपर्यंतच विमानानं यायची. पुढचा प्रवास रेल्वेनं. हा वेळ वाचवायची कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाची होती. जेआरडींनी ती उचलून धरली आणि पहिली फेरी स्वतःच मारली.

कराची-मुंबई सरळ अंतर नऊशे किलोमीटरच्या आत. पण विमानाचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास आणि इंधनासाठी अहमदाबादला उतरणं भाग. तिथं पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आले! दुपारी १:५० ला विमान जुहूला टेकलं. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल नेलं व्हिन्सेंट यांनी.

एकूण सव्वासात तास. गणपतीत पनवेल ते कोलाड रखडलेल्या चाकरमान्यांना यात फार नवल वाटणार नाही म्हणा. पण विमानात रेडिओ नव्हता. खाली दिसणारा किनारा, नद्या आणि हातातला नकाशा यांवरच सगळी भिस्त. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, म्हणून चार महिने सगळा कारभार पुण्यात, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलायचा.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. आई फ्रेंच. फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्यांचं सुट्टीतलं घर होतं आणि जवळच राहायचे लुई ब्लेरिओ, इंग्लिश खाडी विमानानं पहिल्यांदा ओलांडणारे. विमानाचं वेड तिथलंच. १९२९ मध्ये भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला.

वेळेशी त्यांची एक शर्यत मात्र हुकली. १९३० मध्ये भारत-इंग्लंड एकट्यानं उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखान बक्षीस देणार होते. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनीयर इंग्लंडहून. वाटेत इजिप्तमधल्या अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पींचं विमान स्पार्क प्लगअभावी अडकलं होतं. जेआरडींनी आपल्याकडचा जादा प्लग त्यांना देऊन टाकला. अस्पी थोड्या तासांच्या फरकानं जिंकले आणि पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. जेआरडींना हे माहीतच होतं की समोरचा प्रतिस्पर्धी आहे. तरीही प्लग दिला. त्यांच्या आयुष्यातला हा प्रसंग भारतरत्नापेक्षाही जास्त सांगून जातो.

टपालाच्या त्या धंद्याचं पुढे एअर इंडिया झालं. ८ जून १९४८ ला मुंबई-लंडन सेवा सुरू झाली. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, तरी अध्यक्ष जेआरडीच राहिले. १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारनं त्यांना त्या पदावरून दूर केलं.

१५ ऑक्टोबर १९८२ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी पुन्हा जुन्या धाटणीच्या विमानातून कराची-मुंबई अंतर कापलं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

जेट विमानाला हे अंतर दीड-दोन तासांचं. पण आज मुंबई-कराची थेट विमानच नाही. दुबईमार्गे जायचं तर नुसत्या उड्डाणांचेच पाचेक तास होतात, मधला मुक्काम वेगळा.